घरचा इंकजेट आणि पॉलिमर प्लेट: फोटोग्रॅव्ह्युअरबद्दल सारखे येणारे प्रश्न

फोटोग्रॅव्ह्युअर म्हणजे प्लेटवरच्या खड्ड्यांत शाई भरून फोटो छापणं, आणि मी ते पॉलिमर प्लेटवरून करतो म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. प्रिंटर कुठला, प्लेट कुठे मिळते, प्रेस नसेल तर काय, वगैरे. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी पुण्यात काम करतो, त्यामुळे इथलं पाणी, इथला पावसाळा आणि इथल्या दुकानांत जे मिळतं त्या हिशोबाने लिहिलंय. युरोप-अमेरिकेतल्या लोकांचे आकडे जसेच्या तसे उचलू नका एवढंच आधी सांगतो, का ते पुढे कळेलच.

फोटो सरळ चांगल्या कागदावर इंकजेटने काढता येतो की, मग ही उस्तवार कशाला?

येतो ना, आणि बऱ्याच फोटोंसाठी तेच बरं. इथे प्रिंटरचं काम फक्त फिल्म काढण्यापुरतं आहे, शेवटच्या प्रिंटमध्ये इंकजेटची शाई अजिबात नसते. प्लेट म्हणजे स्टीलचा पातळ पत्रा आणि त्यावर फोटोपॉलिमरचा थर. या थरावर युव्ही पडली की तो कडक होतो, जिथे पडली नाही तिथे साध्या पाण्यात विरघळून निघून जातो. म्हणजे फोटोतल्या काळ्या भागात खोलगट खड्डे पडतात आणि पांढऱ्या भागात प्लेट सपाट राहते. मग खड्ड्यांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची, ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचं, कागद दाबाने खड्ड्यात शिरतो आणि शाई उचलून घेतो. त्यामुळे काळ्यात शाईचा थर खराच जाड असतो आणि करड्यात पातळ, तो काळा रंग बघितल्यावर लोक कागद तिरका करून परत परत बघतात. ते बघून तुम्हाला काहीच वाटलं नाही तर खरंच वेळ घालवू नका.

कॉपरवर काम करणारे म्हणतात हे खरं फोटोग्रॅव्ह्युअर नाही. खरंय का?

त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. इंग्लंडात टॅल्बटने १८५२ आणि १८५८ मध्ये पेटंटं घेतली, मग १८७९ मध्ये व्हिएन्नात कारेल क्लिचने ती पद्धत पक्की केली. तांब्याच्या प्लेटवर राळेची बारीक पूड बसवायची, त्यावर जिलेटिनचा टिश्यू, म्हणजे जिलेटिन लावलेला कागद, आणि मग तांबं कोरणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये एकामागून एक बाथ. सुंदर काम आहे, पण केमिकल सांभाळायचं, तांबं पॉलिश करायचं, आणि शिकवणारा माणूस शोधायचा म्हणजे दिवे लागले. आपल्याकडे याचंच सिलिंडरवालं भावंड नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये होतं, कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, टागोर यांची १ ऑक्टोबर १९५२ ला निघालेली तिकिटं फोटोग्रॅव्ह्युअरने छापलेली आहेत. कुणाच्या जुन्या अल्बममध्ये असतील तर भिंगाखाली बघा. आणि आजचं वेफर्सचं पाकीटसुद्धा बहुतेक वेळा ग्रॅव्ह्युअर सिलिंडरवरच छापलेलं असतं.

पॉलिमर प्लेट मुळात लेटरप्रेसवाल्यांसाठी आली, उंच भागावरून छापायला. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या डॅन वेल्डेनसारख्या प्रिंटमेकरांनी ती उलट वापरायला सुरुवात केली, म्हणजे खोल भागात शाई भरून. तत्त्व तेच, मटेरियल वेगळं. मी लेबलवर सरळ ‘पॉलिमर फोटोग्रॅव्ह्युअर’ लिहितो, वाद मिटतो.

प्लेट नेमकी कुठली मागायची? फ्लेक्सोवाला स्वस्तात देतोय.

फ्लेक्सोची, म्हणजे पिशव्या-खोकी छापायला वापरतात ती, नको! ती रबरासारखी मऊ असते, बरेच प्रकार पाण्यात नाही तर सॉल्व्हंटमध्ये धुवावे लागतात, आणि शाई पुसताना तिचा काही उपयोग होत नाही. तुम्हाला हवी ती पाण्यात धुतली जाणारी, स्टीलवर चढवलेली, कडक होणारी प्लेट. जगभर जास्त वापरली जाते ती जपानच्या टोयोबोची प्रिंटाइट केएम७३, नावातले ७३ म्हणजे जाडी ०.७३ मिमी. सोलरप्लेट नावाने मिळते तीही चालते. बाहेरून मागवली तर कस्टम्स धरून हिशोब करा. आपल्याकडे पॅड प्रिंटिंगवाले, म्हणजे पेन-कीचेनवर नाव छापणारे, फोटोपॉलिमर प्लेट वापरतात, त्यांच्या सप्लायरकडे चौकशी करायला हरकत नाही, फक्त ‘वॉटर वॉश का अल्कोहोल वॉश’ हे आधी विचारा, कारण दोन्ही मिळतात आणि दिसायला सारख्याच.

एकदा जी मिळाली तीच धरून राहा. प्लेट बदलली की सगळे एक्स्पोजरचे टाइम, म्हणजे युव्ही किती वेळ द्यायची ते, परत काढावे लागतात, अगदी त्याच कंपनीचा दुसरा प्रकार घेतला तरी.

माझ्याकडे एप्सन एल१८०० आहे. चालेल की एप्सनचाच पी८०० घ्यावाच लागेल?

फिल्म काढायला चालेल. स्क्रीन प्रिंटिंगवाले त्याच प्रिंटरवर पॉझिटिव्ह काढतात. त्यातली डाय इंक (विरघळलेल्या रंगाची) युव्ही अडवायला पिगमेंट इंकपेक्षा (रंगाच्या बारीक कणांची) कमी पडते हे खरं, पण या कामाला फिल्म अगदी काळीकुट्ट लागत नाही, जास्तीचं काळं उलट त्रासच देतं. पी८०० किंवा तसल्या प्रिंटरचा फायदा म्हणजे करड्या शाया जास्त असतात त्यामुळे उजेडाकडचे टोन मऊ येतात, आणि क्यूटीआरसारखं सॉफ्टवेअर लावून कुठली शाई किती सोडायची ते हातात घेता येतं. पण ते नंतरचं.

ड्रायव्हरमध्ये ग्लॉसी फोटो पेपर, सगळ्यात वरची क्वालिटी, आणि हाय स्पीड बंद. हे हाय स्पीड बंद करायचं लोक हमखास विसरतात, मग आकाशात आडव्या रेघा दिसतात आणि दोष प्लेटला देतात. दर वेळी आधी नोझल चेक. कागदावर खपून जाणारी एखादी तुटकी रेघ प्लेटवर ठळक उमटते.

फिल्म कुठली?

पिक्टोरिको नावाची जपानी फिल्म सगळे वाखाणतात, योग्यच आहे, पण महाग आणि कायम मिळत नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्यांच्या एरियात स्क्रीन प्रिंटिंगचं सामान विकणारी दुकानं असतात, तिथे शंभर मायक्रॉनची इंकजेट पॉझिटिव्ह फिल्म मिळते. दुधट आणि क्लिअर दोन प्रकार, शक्यतो क्लिअर घ्या. घेतल्यावर पन्नास टक्के करड्याचा एक मोठा चौकोन छापून खिडकीसमोर धरून बघा, ढगाळ-ढगाळ दिसला किंवा शाई थेंब धरून बसली तर ती फिल्म अक्षरांना ठीक, फोटोला नाही. दुकानदार ‘सगळे हीच नेतात’ म्हणेल, म्हणू दे.

छापलेली फिल्म लगेच वापरू नका, पावसाळ्यात तर रात्रभर वाळू द्या. वरून सुकलेली वाटते, आत ओल असते, आणि मग ती प्लेटला चिकटून बसते.

निगेटिव्ह काढायची ना? आणि मिरर करायचं का?

निगेटिव्ह नाही, पॉझिटिव्ह. सायनोटाइप, म्हणजे उन्हात निळे फोटो छापायची पद्धत, करून आलेले सगळे इथे अडखळतात, कारण तिथे निगेटिव्ह लागते. काळं जिथे हवं तिथे उजेड अडला पाहिजे, म्हणून फिल्मवर काळं काळंच हवं.

मिरर करायचं नाही. फिल्मची शाईची बाजू खाली, प्लेटला टेकून ठेवायची, तिथे चित्र एकदा उलटं होतं, आणि छापताना परत उलटं होऊन सरळ येतं. फिल्म पालथी न घालता ठेवली तर मधे फिल्मची जाडी येते आणि बारीक टोन धुरकट होतात. सरळ प्लेटवरच प्रिंटरने छापणार असाल तर मात्र मिरर करावंच लागतं, कारण तिथे एकदाच उलटं होतं.

स्क्रीन कशाला लागतो? फिल्मवर प्रिंटरचे ठिपके असतातच की.

असतात, पण गडद भागात ते एकमेकांत मिसळून सलग काळं होतं. सलग काळं म्हणजे प्लेटवर एक मोठा उथळ खड्डा, आणि पुसताना कापड त्या खड्ड्यात शिरून शाई बाहेर काढून नेतं. प्रिंटमध्ये काय दिसतं तर काळ्याच्या कडेला गडद रेघ आणि मधे फिकट राखाडी. ते टाळायला त्या खड्ड्यात बारीक बारीक खांब उभे ठेवावे लागतात, ते काम स्क्रीन करतो. ही एक वेगळी फिल्म असते, वेडेवाकडे पसरलेले सूक्ष्म ठिपके, साधारण ८० टक्के काळी. आधी प्लेटला या स्क्रीनमधून एक्स्पोजर, मग फोटोच्या फिल्ममधून दुसरं.

हा स्क्रीन इंकजेटवर छापू नका, कितीही चांगला प्रिंटर असला तरी. ठिपक्याची कड धारदार आणि काळं पूर्ण अपारदर्शक हवं, ते इमेजसेटरच्या, म्हणजे छापखान्यांसाठी लेझरने फिल्म काढणाऱ्या मशीनच्या, फिल्मवरच मिळतं. २४०० डीपीआयला एक पिक्सेल साधारण १०.६ मायक्रॉनचा, दोन बाय दोनचा ठिपका धरला तर २१ मायक्रॉन, एवढं बारीक. ऑफसेटवाले आता सरळ प्लेट काढतात त्यामुळे इमेजसेटर कमी झालेत, पण फिल्म आउटपुट देणारे अजून सापडतात. नाहीतर तयार स्क्रीन विकत घ्या. सगळ्या सामानात पैसे वाचवू नयेत अशी हीच एक गोष्ट, आणि ती जपून वापरली तर वर्षानुवर्षं टिकते. ओरखडा पडला की तो प्रत्येक प्लेटवर येणार, त्यामुळे बोटं लावायची नाहीत.

सरळ प्लेटच प्रिंटरमध्ये घालून छापतात असं ऐकलं. मग फिल्म नको, ती प्लेटला घट्ट टेकवून धरायला व्हॅक्यूम नको?

बरोबर ऐकलंय. प्लेटवर थेट शाई पडते, ती वाळवून वरून युव्ही द्यायची, मग धुताना इंकजेटची शाईही वाहून जाते. मधे फिल्मच नसल्याने कॉन्टॅक्टचा प्रश्न मिटतो आणि बारकावे छान येतात. पण त्याला समोरून सरळ, न वाकवता जाड बोर्ड घेणारा प्रिंटर हवा, पी८०० घेतो तसा. एल१८०० सारख्या मागून कागद घेणाऱ्यात स्टीलची प्लेट घातलीत तर हेड घासून प्रिंटरची वाट लागेल. शिवाय कागद दाबणारी ती दातेरी चाकं असतात ना, ती पॉलिमरवर ठिपक्यांची रांग उमटवतात, म्हणून काही जण ती चाकंच काढून टाकतात आणि वॉरंटीला नमस्कार करतात.

माझं मत विचाराल तर सुरुवात फिल्म आणि स्क्रीनने करा. फिल्म बिघडली तर फिल्म जाते, थेट छपाईत बिघडलं तर प्लेट जाते.

युव्ही लाइट कुठला? ऊन चालणार नाही का, आपल्याकडे तर भरपूर आहे.

रेघांच्या ड्रॉइंगला ऊन चालतं. फोटोच्या टोनला नको, कारण कालचं ऊन आणि आजचं ऊन एक नसतं, पातळ ढग येऊन गेला तरी डोळ्याला कळत नाही पण प्लेटला कळतं, आणि इथे सगळी मदार दर वेळी तेवढीच युव्ही पडण्यावर आहे.

पॉलिमरला ३६० ते ३८० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड लागतो. कीटक मारायच्या मशीनमध्ये ज्या निळसर ट्यूब असतात त्या साधारण याच पट्ट्यात येतात, चार-सहा ट्यूब जवळजवळ लावून पेटी करता येते. एलईडी घेताना ३९५ किंवा ४०५ वाले स्वस्त दिसतात, जांभळा उजेड खूप पडतो पण प्लेटवर काम कमी होतं, ३६५ वालेच बघा. ट्यूब असतील तर आधी काही मिनिटं पेटवून ठेवायच्या, थंड ट्यूब आणि तापलेली ट्यूब वेगळी युव्ही देतात. वरची काच साधी चालते, युव्ही प्रोटेक्शनवाला अ‍ॅक्रिलिक मात्र सगळंच अडवेल.

खोलीत काम करताना पिवळा झिरोचा बल्ब पुरतो. पडदे ओढून घ्या आणि ट्यूबलाइट बंद.

व्हॅक्यूम फ्रेम लागतेच का?

पोस्टकार्ड साइजला जाड काच, खाली फोम आणि चारी बाजूंनी क्लॅम्प एवढ्यावर भागतं. त्याहून मोठ्याला मधे हवा राहते, आणि जिथे फिल्म नीट टेकली नाही तिथे प्रिंटमध्ये धुरकट गोल येतात. जुन्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरवर व्हॅक्यूम पंप करणारे बरेच आहेत, फ्रीज रिपेअरवाल्याकडे विचारा, गॅस आधी त्यालाच नीट काढायला लावा. फिल्म ठेवण्याआधी प्लेटवर टाल्कम पावडर अगदी नावापुरती, मऊ ब्रशने फिरवून झटकून टाकायची. त्याने हवा निघायला वाट मिळते आणि फिल्म चिकटत नाही.

टाइम सांगा ना. स्क्रीनला किती सेकंद, फोटोला किती?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं सरळ उत्तर कुणीच देऊ नये. माझा लाइट, माझं अंतर, माझी काच, माझी फिल्म, माझी प्लेट, यातलं एक बदललं की आकडा बदलतो. पण काढायचा कसा ते सांगतो, आणि ते एका सुट्टीच्या दिवशी होतं.

प्लेटच्या पट्ट्या कापा. पहिली पट्टी फक्त स्क्रीनसाठी. काळ्या पुठ्ठ्याने झाकत झाकत टप्प्याटप्प्याने वाढता टाइम द्या, धुवा, वाळवा, शाई लावून छापा. प्रत्येक टप्पा काळाच यायला हवा पण वेगवेगळा काळा येईल. टाइम फार कमी असेल तिथे खांब उभेच राहिले नाहीत, शाई पुसली गेली, फिकट आणि डागाळ काळं. फार जास्त असेल तिथे खड्डे उथळ झाले, शाई मावत नाही, करडं. मधे कुठेतरी एक टप्पा गडद आणि एकसारखा असेल, तो तुमचा स्क्रीनचा टाइम, लिहून भिंतीला चिकटवा.

दुसरी पट्टी: स्क्रीनचा ठरलेला टाइम द्या आणि त्यावर फिल्मचा पूर्ण रिकामा, न छापलेला भाग ठेवून परत टप्पे पाडा. इथे बघायचं की कुठल्या टप्प्याला कागद पांढरा येतो. कमी एक्स्पोजरला पांढऱ्यात मळकट झाक राहते, वाढवत गेलं की ती जाते. जिथे पहिल्यांदा गेली तिथे थांबायचं, त्यापुढे वाढवलं तर उजेडाकडचे नाजूक टोनही खाऊन टाकतं, ढग गायब, पांढऱ्या शर्टाच्या चुण्या गायब.

आता फोटो लगेच लावू नका. शून्य ते शंभर टक्के, पाच-पाचच्या पायऱ्यांची करड्याची पट्टी छापा. बहुतेक वेळा सत्तरच्या पुढचं सगळं एकच काळं दिसेल आणि घाबरायला होईल, पण ते अपेक्षित आहे, त्यासाठी कर्व्ह असतो, म्हणजे फाइलमधले टोन आधीच कमी-जास्त करून ठेवणारी रेघ.

कर्व्ह मला झेपेल का? गणित असतं म्हणे.

गणित नाही, चिकाटी. पायऱ्यांची प्रिंट पूर्ण वाळू द्या, ओली शाई आणि वाळलेली शाई यांच्या काळेपणात फरक असतो. मग साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर, ऑटो करेक्शन सगळं बंद करून स्कॅन करा आणि प्रत्येक पायरीचा आकडा फोटोशॉप किंवा गिंपमध्ये वाचा. पन्नासची पायरी जर प्रिंटमध्ये ऐंशीसारखी दिसत असेल तर फाइलमध्ये पन्नास द्यायचं नाही, कमी द्यायचं, एवढाच खेळ. असे दहा-बारा बिंदू टाकून कर्व्ह केला, तो लावून परत पायऱ्या छापल्या, परत मोजल्या. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत बसतं. बिंदू फार टाकले तर कर्व्ह खडबडीत होतो आणि चेहऱ्यावर पट्टे येतात.

इंटरनेटवरून कुणाचा तरी कर्व्ह उतरवून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणं.

धुताना सगळे बारकावे निघून जातात. पाणी चुकतंय का?

मे महिन्यात धुताय ना? गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चांगलं कोमट असतं. बाहेरच्या लोकांनी वीस-बावीस डिग्री लिहिलेलं असतं आणि आपण नळाखाली धरतो. गरम पाण्यात पॉलिमर फुगतं आणि नको तेवढं निघतं. बादलीत पाणी घ्या, बर्फाचे खडे टाका, थर्मामीटरने बघा, दर वेळी तेवढंच. थर्मामीटर ही या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू आहे.

मऊ ब्रश किंवा स्पंज, हलक्या हाताने, घड्याळ लावून. सुरुवातीला प्लेट बुळबुळीत लागते, मग बुळबुळीतपणा कमी होतो, एक-दीड मिनिटात बाहेर. लगेच न छापलेल्या वर्तमानपत्राच्या कागदावर टिपा, घासू नका, आणि हेअर ड्रायर. थेंब राहिला तर तिथे डाग पडतो आणि तो डाग कायमचा. वाळल्यावर खिडकीकडे तिरकी धरा, उजेडाचे भाग चकाकतात, सावलीचे भाग मॅट दिसतात, फोटो तिथेच वाचता येतो. मग परत काही मिनिटं युव्हीखाली ठेवायची, आता फिल्म-बिल्म काही नाही, म्हणजे पूर्ण कडक होते.

पावसाळ्यात काम बंद ठेवायचं का?

कोकणात किंवा मुंबईत असाल तर जून ते सप्टेंबर फक्त छपाई करा, प्लेटा आधी करून ठेवा. न वापरलेली प्लेट हवेतली ओल पिते, चिकट होते, आणि एक्स्पोजर हलतं. काळ्या पिशवीत, सिलिका जेल टाकून, हवाबंद डब्यात, आडवी ठेवा. एसीची खोली असेल तर तासभर आधी एसी लावून प्लेट आणि फिल्म दोन्ही तिथे उघडी ठेवा, अंधारात अर्थात.

शाई कुठली आणि पुसायची कशी? माझं एकतर सगळं मळकट नाहीतर सगळं फिकट.

शाई एचिंगचीच, म्हणजे खड्ड्यांतून छापायला केलेली. शार्बोनेल, गॅम्बलिन, क्रॅनफिल्ड, जे मिळेल ते. ऑफसेटची शाई चिकट असते, पुसताना ओढली जाते, तिच्यात थोडं जवसाचं तेल आणि मॅग्नेशियम कार्बोनेट घालून काही जण भागवतात, सरावाला ठीक. शाई चाकूने उचलली तर संथ धारेने पडली पाहिजे, टपकन गळाली तर पातळ आणि लोंबतच राहिली तर घट्ट.

आधी प्लेटच्या चारी कडा कानशीने तिरक्या घासून घ्या, नाहीतर कागद आणि प्रेसमध्ये कागदावर ठेवतात तो नमदा दोन्ही फाटतील. पुठ्ठ्याच्या तुकड्याने शाई सगळीकडे पसरवा, प्लेट काळी झाली पाहिजे, खड्ड्यांत शाई दाबून घाला. मग त्याच पुठ्ठ्याने जादा शाई ओढून काढा. मग खळ घातलेला जाळीदार कपडा, परदेशात टार्लटन म्हणतात तो, नाही मिळाला तर कडक खळीची मलमल, पण खळ जरा चोळून मऊ केलेली. गोळा करून, तळ सपाट ठेवून, गोल गोल फिरवायचा, दाब कमी, आणि बोटं कापडातून बाहेर टोचायला नकोत. चित्र हळूहळू वर येतं. इथे लोक खुश होऊन घासत सुटतात. कपडा जरा शाईने माखलेलाच बरा, कोरा करकरीत कपडा खड्ड्यांतूनही शाई शोषतो.

शेवटी पातळ कागद, जुन्या टेलिफोन डिरेक्टरीचं पान सगळ्यात उत्तम, कुठे रद्दीत मिळाली तर सोडू नका. पान प्लेटवर सपाट ठेवून तळहाताने सरकवत न्यायचं, आकाश आणि चेहऱ्यावरून एक-दोनदा जास्त, सावल्यांवरून जवळजवळ नाहीच. एका प्लेटच्या दोन प्रिंट तंतोतंत सारख्या येत नाहीत त्या इथेच. कडा वेगळ्या फडक्याने स्वच्छ.

सगळं मळकट येत असेल तर आधी पुसणं तपासा, मग फोटोचं एक्स्पोजर. सगळं फिकट येत असेल तर आधी प्रेसचा दाब आणि कागदाची ओल बघा, मग स्क्रीनचा टाइम. उलट्या क्रमाने गेलात तर प्लेटांवर प्लेटा वाया घालवाल.

कागद?

सुती, जाड, खळ कमी असलेला. हानेम्युलेचा कॉपरप्लेट किंवा रीव्ह्ज बीएफके कुणीही सांगेल. पुण्याच्या हातकागद संस्थेचा जाड कागद मला आवडतो, पण प्रत्येक शीट थोडी वेगळी असते आणि पृष्ठभाग खडबडीत असेल तर बारीक टोन तुटतात, म्हणून हात फिरवून गुळगुळीत निवडून घ्या. अर्धा तास पाण्यात, मग टीपकागदात दाबून. कागद गार लागला पाहिजे पण चमकता कामा नये, चमकला म्हणजे वर पाणी आहे आणि तिथे शाई बसणार नाही. रात्री भिजवून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला तर ओल एकसारखी पसरते.

प्रेस नाही. चमच्याने घासून येईल का?

नाही येणार. लिनोकटला शाई वर असते म्हणून चमचा चालतो, इथे कागद खड्ड्यात ढकलायचाय, त्याला दोन रोलरमधला दाब लागतो. बुकबाइंडरची स्क्रू प्रेस पण नाही, ट्रेडल मशीन पण नाही. आर्ट कॉलेजच्या प्रिंटमेकिंग विभागात, जे.जे. असो की तुमच्या गावचं, ओळखीने किंवा वर्कशॉपमधून प्रेस वापरायला मिळते का बघा. प्लेट घरी करायची आणि छापायला तिकडे जायचं, असं करणारे खूप आहेत. छोट्या एचिंग प्रेस लोकल फॅब्रिकेटर बनवून देतात, घेताना रोलर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा दाबतो का ते कागदाची पट्टी घालून दोन्हीकडे ओढून बघा.

एका प्लेटवरून किती प्रिंट निघतात? दोन वर्षांनी परत छापता येईल का?

हळू हाताने पुसलं तर काही डझन आरामात. तांब्यावर स्टीलचा मुलामा देऊन जसं आयुष्य वाढवतात तसं इथे जमत नाही, उजेडाकडचे टोन आधी झिजतात. काम झालं की खाण्याच्या तेलाने शाई काढा, मग कोरडं फडकं, पाणी लावायचं नाही, अ‍ॅसिटोन तर नाहीच. कागदात गुंडाळून, हवाबंद, अंधारात. उघड्यावर पडलेली प्लेट उजेडाने आणखी कडक होत जाते आणि तडकते. दोन वर्षांनी छापायचा विचार असेल तर पूर्ण एडिशन, म्हणजे हव्या तेवढ्या सगळ्या प्रती, आत्ताच छापून टाकलेलं बरं.

फेरिक क्लोराइड नाही म्हणजे एकदम सेफ ना?

अ‍ॅसिड नाही एवढंच. कच्चं पॉलिमर कातडीला लागून लागून अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून धुताना नायट्राइलचे ग्लोव्ह्ज. युव्ही पेटीत डोकावून बघायचं नाही, झाकण हवंच, गॉगलही. धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, पसरट भांड्यात उन्हात ठेवा, पॉलिमर घट्ट होऊन तळाशी बसतं, गाळून तो चोथा कचऱ्यात टाका.

पहिल्या प्लेटला कुठला फोटो घेऊ?

सनसेट नको, लग्नातला फ्लॅशवाला नको. ज्यात करड्याच्या खूप छटा आहेत आणि सावल्या मोठ्या आहेत असा घ्या, वाड्याचा जुना दरवाजा, पावसातला डोंगर, खिडकीच्या उजेडातली आजी. साइज पोस्टकार्डची. मोठं मोकळं आकाश असेल तर टाळा, त्यात प्रिंटरची रेघ, पुसल्याचा माग, धुळीचा कण सगळंच दिसतं, खडबडीत दगडी भिंतीत यातलं काहीच दिसत नाही. आणि फाइल आधी ब्लॅक अँड व्हाइट करून त्यातच नीट सजवा, कर्व्ह सगळ्यात शेवटी, वेगळ्या लेयरवर, म्हणजे उद्या प्लेटचा लॉट बदलला तर फक्त तो लेयर बदलायचा.